हार्ट अटॅक आणि "कोणती सलाईन चांगली?"

रात्रीचे पावणेदोन वाजले होते. छातीत दुखतंय म्हणून साठीतल्या एका आबांना त्यांचा मुलगा आणि जावई गाडीत घालून घेऊन आले. ईसीजी काढला. हार्ट अटॅक अगदी स्पष्ट दिसत होता. मी बाहेर येऊन मुलाला सांगितलं, "हृदयाची मोठी रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली आहे. ती ताबडतोब उघडायला हवी. अँजिओप्लास्टीची तयारी सुरू केली आहे, इथे सही करा."

मुलगा सही करायला पेन हातात घेतच होता, तेवढ्यात जावई म्हणाले, "डॉक्टर साहेब, एक विचारू? माझ्या मोठ्या भावाला अटॅक आला तेव्हा त्याला काळ्या कागदात गुंडाळलेली सलाईन लावली होती. भारी औषध होतं म्हणे. आबांना तुम्ही साधीच लावली आहे. आधी ती भारी सलाईन लावून बघू या का? बीपी खाली आलं, दुखायचं थांबलं, तर अँजिओप्लास्टीचं सकाळी ठरवू."

मग गावाकडे फोन झाले. थोरल्या काकांना विचारलं, भावाच्या डॉक्टरांचा नंबर शोधला. मी दोनदा समजावून सांगितलं. सही मिळेपर्यंत पन्नास मिनिटं गेली.

आबा वाचले. पण त्यांच्या हृदयाची ताकद कायमची कमी झाली. ती पन्नास मिनिटं वाचली असती तर नेमका किती फरक पडला असता, हे एका रुग्णापुरतं कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. मात्र तो फरक आबांच्या बाजूनेच पडला असता, याबद्दल मला शंका नाही.

जावयांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांना आबांसाठी चांगलंच हवं होतं. शिवाय त्यांचा प्रश्न वेडगळ अजिबात नव्हता. "कोणती सलाईन चांगली?" या प्रश्नावर जगातल्या मोठमोठ्या हृदयरोगतज्ज्ञांनी वीस वर्षं वाद घातला आहे. त्या वादाचं उत्तर आता आपल्याकडे आहे. ते तुम्हाला आज, घरात सगळे ठणठणीत असताना माहीत असावं, म्हणून हा लेख. (ओळख पटू नये म्हणून प्रसंगातले तपशील थोडे बदलले आहेत.)

या औषधांचं काम काय?

या औषधांना आम्ही व्हॅसोडायलेटर म्हणतो, म्हणजे रक्तवाहिन्या सैल आणि रुंद करणारी औषधं. अटॅकच्या रुग्णाला ती शिरेतून, सिरिंज पंपावर थेंबाथेंबाने दिली जातात. यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे नायट्रोग्लिसरीन. आयसीयूत सिस्टर एकमेकींना "एनटीजी चालू आहे ना?" असं विचारताना तुम्ही ऐकलं असेल, ते हेच. दुसरं नायट्रोप्रुसाइड. जावयांनी सांगितलेली काळ्या कागदातली सलाईन ती हीच असणार.

हृदय हा एक पंप आहे. शरीरभरातून शिरांवाटे परत आलेलं रक्त त्यात भरतं आणि ते जोर लावून धमन्यांमध्ये ढकलतं. अटॅकमध्ये या पंपाचा काही भाग लुळा पडतो. अशा वेळी त्याच्यावरचा भार दोन बाजूंनी कमी करता येतो. शिरा सैल केल्या की हृदयात येणारं रक्त कमी होतं आणि पंप तुंबत नाही. धमन्या सैल केल्या की पुढचा अडथळा कमी होतो आणि रक्त ढकलायला कमी जोर लागतो. नायट्रोग्लिसरीन मुख्यतः शिरांवर काम करतं, डोस वाढवला की धमन्यांवरही करतं. नायट्रोप्रुसाइड दोन्हींवर सारख्याच जोराने काम करतं.

हे सगळं ऐकून कुणालाही वाटेल, की मग प्रश्नच मिटला. थकलेल्या पंपाचा भार कमी करणं चांगलंच की! डॉक्टरांनाही अगदी असंच वाटलं होतं.

स्फोटकातून आलेलं औषध

नायट्रोग्लिसरीन १८४७ मध्ये इटलीतल्या तुरिन शहरात आस्कानियो सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञाने तयार केलं. ते भयंकर स्फोटक होतं. पुढे आल्फ्रेड नोबेलने त्याच द्रव्यापासून १८६७ मध्ये डायनामाइट बनवलं. त्याच वर्षी लॉडर ब्रंटन या डॉक्टरने छातीतल्या कळेवर अमाइल नायट्राइट हुंगायला दिल्याने आराम पडतो, असं प्रसिद्ध केलं. १८७९ मध्ये विल्यम म्युरेल या डॉक्टरने अतिशय सौम्य केलेलं नायट्रोग्लिसरीन त्याच कळेसाठी वापरून दाखवलं.

या द्रव्याच्या कारखान्यांतल्या कामगारांचं सोमवारी डोकं दुखायचं. आठवडाभर काम करताना शरीराला सवय व्हायची, रविवारच्या सुट्टीत ती मोडायची आणि सोमवारी पुन्हा डोकेदुखी. ही सवय होण्याची गोष्ट लक्षात ठेवा. आजही हे औषध सलग २४ तास किंवा त्याहून जास्त चालू ठेवलं की त्याचा परिणाम ओसरू लागतो.

गंमत म्हणजे खुद्द नोबेलला हृदयविकार जडला आणि १८९६ मध्ये डॉक्टरांनी त्याला हेच औषध लिहून दिलं. नशिबाने केलेल्या या थट्टेबद्दल त्याने एका पत्रात लिहिलंही. त्याच वर्षी डिसेंबरात तो वारला. हे औषध शरीरात नायट्रिक ऑक्साइड नावाच्या वायूमार्फत काम करतं. या वायूबद्दलच्या शोधांना १९९८ मध्ये वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला.

दोन औषधं, दोन स्वभाव

आता नायट्रोप्रुसाइडकडे वळू. हे फार ताकदीचं औषध आहे. सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत बीपी खाली येतं आणि बंद केलं की तितक्याच पटकन वर जातं. उजेडात ते खराब होतं, म्हणून बाटली काळ्या कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळतात. त्या कागदाचं रहस्य एवढंच आहे. औषध भारी असल्याची ती खूण नव्हे. उलट ते जास्त डोसमध्ये किंवा जास्त वेळ दिलं तर शरीरात सायनाइड साचू शकतं. त्यामुळे त्यावर फार बारीक लक्ष ठेवावं लागतं आणि बहुतेक वेळा हातातल्या धमनीत नळी घालून बीपी सतत मोजावं लागतं.

पण अटॅकच्या रुग्णासाठी खरी अडचण वेगळीच आहे. मुंबई-पुण्याच्या जुन्या चाळीत राहिलेल्यांना ती लगेच कळेल. नळाला पाणी आलं की खालच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी नळ पूर्ण सोडले, तर वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. पाणी तेवढंच असतं, पण ते जिथे वाट मोकळी मिळेल तिथे पळतं. हृदयातही तसंच होतं. गुठळी असलेल्या भागातल्या बारीक वाहिन्या रक्तासाठी आधीच पूर्ण उघडून बसलेल्या असतात. त्यांना आणखी उघडायला जागाच नसते. नायट्रोप्रुसाइड निरोगी भागातल्या बारीक वाहिन्याही उघडतं. मग रक्त निरोगी भागाकडे पळतं आणि उपाशी भाग आणखी उपाशी राहतो. याला आम्ही रक्ताची चोरी म्हणतो.

नायट्रोग्लिसरीन मुख्यतः मोठ्या वाहिन्या आणि एका भागातून दुसऱ्या भागात रक्त नेणाऱ्या आडवाटा उघडतं. त्यामुळे ही चोरी त्यात फारशी होत नाही. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनच्या डॉक्टरांनी दोन्ही औषधांची तुलना प्रसिद्ध केली. अटॅकमध्ये ईसीजीवर जी रेघ उचललेली दिसते, ती नायट्रोग्लिसरीनने खाली आली, म्हणजे इजा कमी झाल्याची खूण दिसली. नायट्रोप्रुसाइडने मात्र ती आणखी वर गेली. बीपी दोन्ही औषधांनी उतरलं होतं, तरी हृदयाच्या आत परिणाम उलटसुलट होते.

एकाच अंकात दोन उलट उत्तरं

तरी ईसीजीवरची रेघ म्हणजे रुग्णाचं आयुष्य नव्हे. खरा प्रश्न हा, की औषध दिल्याने माणसं वाचतात का? १९८२ च्या मे महिन्यात न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नामांकित नियतकालिकाच्या एकाच अंकात याची दोन उत्तरं पाठोपाठ छापली गेली.

पहिला अभ्यास नेदरलँड्समधला. त्यात अटॅकनंतर लवकर नायट्रोप्रुसाइड दिलेल्या रुग्णांमध्ये मृत्यू कमी झाले. दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधला, ८१२ पुरुषांवरचा. त्यात औषध दिलेले आणि न दिलेले यांच्या एकूण मृत्यूंमध्ये काहीच फरक दिसला नाही. पण वेळेनुसार रुग्णांचे दोन गट केल्यावर वेगळंच चित्र दिसलं. दुखणं सुरू झाल्यापासून ९ तासांच्या आत ज्यांना औषध सुरू झालं, त्यांच्यातले २४ टक्के १३ आठवड्यांत दगावले. औषधाऐवजी नुसतं द्रावण मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे औषधाने बहुधा नुकसान झालं. ९ तासांनंतर सुरू झालेल्यांमध्ये नेमकं उलट. तिथे औषध मिळालेल्यांपैकी १४ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी २२ टक्के दगावले.

असे गट पाडून काढलेले निष्कर्ष जपूनच घ्यायचे असतात. कधीकधी योगायोगानेही असं दिसतं. पण अर्थ लावायचा तर असा लागतो: पहिल्या काही तासांत स्नायूचा बराच भाग जिवंत असतो आणि रक्तासाठी तडफडत असतो. तेव्हा बीपी पाडणं आणि रक्त दुसरीकडे वळवणं त्याला महागात पडतं. नंतर जे मरायचं ते मरून गेलेलं असतं आणि उरलेला पंप थकलेला असतो. तेव्हा भार कमी केल्याचा फायदा होतो. औषध तेच, रोगी तोच, पण वेळ बदलली की परिणाम बदलला. म्हणून "माझ्या भावाला दिलं होतं" हे कारण आबांना ते द्यायला पुरेसं होत नाही. भावाला ते कितव्या तासाला दिलं, त्याचं बीपी किती होतं, पंप कसा चालत होता, हे कळल्याशिवाय तुलनाच होऊ शकत नाही. बहुधा त्यांचं बीपी अतिशय वाढलेलं असणार.

मग मोठे अभ्यास झाले

१९८८ मध्ये शिरेतून दिलेल्या या दोन्ही औषधांचे तोवरचे १० छोटे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. मिळून सुमारे २,००० रुग्ण. निष्कर्ष उत्साह वाढवणारा होता: मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी. नायट्रोग्लिसरीन थोडं सरस वाटत होतं, पण खात्रीने सांगता येईल असा तो फरक नव्हता. मग जगभर अटॅक म्हटलं की एनटीजी लावायचीच, अशी पद्धत पडली.

पण त्याच वर्षी आणखी एक मोठा अभ्यास आला, आयसिस-२ नावाचा. १७,१८७ रुग्ण. त्यात साधी अ‍ॅस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज यांची परीक्षा झाली. दोन्ही न मिळालेल्यांपैकी १३.२ टक्के रुग्ण पाच आठवड्यांत दगावले, दोन्ही मिळालेल्यांपैकी ८ टक्के. म्हणजे मूळ दुखण्यावर, गुठळीवर, घाव घातला की शंभरामागे पाच जीव जास्त वाचत होते.

आता प्रश्न असा होता, की गुठळीवर उपचार झाल्यावर वरून नायट्रेट देऊन आणखी जीव वाचतात का? १९९४ मध्ये इटलीतला गिसी-३ हा अभ्यास आला. १९,००० हून जास्त रुग्ण. पहिले २४ तास शिरेतून नायट्रोग्लिसरीन आणि नंतर सहा आठवडे त्याचा पॅच. मृत्यूंमध्ये खात्रीशीर फरक पडला नाही. १९९५ मध्ये आयसिस-४ आला. तब्बल ५८,००० रुग्ण, यात नायट्रेटच्या गोळ्या दिल्या होत्या. गोळी मिळालेल्यांपैकी ७.३ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी ७.५ टक्के. इतक्या लहान फरकाचा अर्थ योगायोगाखेरीज काही लावता येत नाही.

प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवायला हवी. या दोन्ही अभ्यासांत "न दिलेल्या" गटातल्याही निम्म्याहून जास्त रुग्णांना त्यांच्या डॉक्टरांनी गरज वाटली म्हणून नायट्रेट दिलंच होतं. त्यामुळे थोडाफार फायदा झाकला गेला असेल. पण फायदा मोठा असता तर इतक्या हजारो रुग्णांत तो लपून राहिला नसता.

आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला का?

हाच धडा नंतरही पुन्हा गिरवावा लागला. २००१ मध्ये अमेरिकेत नेसिरिटाइड नावाच्या महागड्या औषधाला मंजुरी मिळाली. ते अटॅकसाठी नव्हतं, हृदय अचानक कमजोर पडून दम लागलेल्या रुग्णांसाठी होतं. पण जातकुळी हीच, रक्तवाहिन्या रुंद करणारी. त्याने हृदयातला दाब झकास उतरायचा, मॉनिटरवरचे आकडे सुंदर दिसायचे. ते भरपूर वापरलं गेलं. २०११ मध्ये ७,००० हून जास्त रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा कळलं की त्याने जीव वाचत नाहीत, दम लागण्यात विशेष फरक पडत नाही आणि बीपी मात्र जास्त रुग्णांत घसरतं.

जपानमध्ये २००७ साली अटॅकच्याच रुग्णांवर निकोरँडिल हे औषध शिरेतून देऊन पाहिलं. आपल्याकडेही ते वापरात आहे. स्नायूला झालेल्या इजेचा आकार त्याने कमी झाला नाही. शरीरातल्याच एका हार्मोनपासून बनवलेल्या दुसऱ्या औषधाने तो थोडा कमी झाला, पण त्यावरून सगळ्यांना ते द्यावं अशी पद्धत जगात कुठे रुजली नाही.

माझ्या हातून झालेली चूक

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. मी शिकत असतानाचे दिवस. रात्रपाळीला एक पन्नाशीचे गृहस्थ आले. हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक. छातीत दुखत होतं, बीपी ११० होतं. मी पाठ केल्याप्रमाणे अ‍ॅस्पिरिन दिली आणि एनटीजी चालू केली. दहा मिनिटांत रुग्णाला दरदरून घाम फुटला, डोळे फिरले, बीपी ७० वर आलं.

सिस्टरने सरांना फोन केला. सर धावत आले. पहिलं काम काय केलं, तर पंप बंद केला. पाय उंच केले, सलाईन जोरात सोडली. बीपी हळूहळू वर आलं. मग त्यांनी छातीच्या उजव्या बाजूला ईसीजीच्या पट्ट्या लावून पुन्हा रेघ काढायला सांगितली. हृदयाचा उजवा कप्पाही अटॅकमध्ये सापडला होता.

खालच्या भागाच्या अटॅकमध्ये सुमारे एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांत असं होतं. उजवा कप्पा दुबळा झाला की तो केवळ भरपूर रक्त येत राहिलं तरच काम चालवू शकतो. आणि मी शिरा सैल करून नेमकं तेच रक्त तोडलं होतं. सरांनी मला ओरडा दिला नाही. एवढंच म्हणाले, "औषध लावण्याआधी दोन मिनिटं उजवीकडचा ईसीजी काढला असतास तर?" त्या रात्रीपासून मी ती दोन मिनिटं कधी वाचवली नाहीत.

मग ही औषधं टाकूनच द्यायची का?

मुळीच नाही. "सगळ्यांना द्या" हे जसं चूक, तसंच "कुणालाच देऊ नका" हेही चूक. नायट्रोग्लिसरीन आम्ही आजही वापरतो, पण कारण असेल तेव्हाच:

• छातीतलं दुखणं थांबत नसेल.
• अटॅकसोबत बीपी खूप वाढलेलं असेल.
• फुफ्फुसात पाणी भरून रुग्णाला आडवं पडता येत नसेल, तोंडाला फेस येत असेल. अशा रुग्णाला या औषधाने काही मिनिटांत श्वास घेता येऊ लागतो. हे ज्याने पाहिलं आहे, तो या औषधाला कधी कमी लेखणार नाही.

सुरुवात मिनिटाला ५ ते १० मायक्रोग्रॅम इतक्या छोट्या डोसने होते आणि बीपी पाहत दर काही मिनिटांनी तो वाढवला जातो. म्हणूनच सिस्टर सारख्या येऊन पंपाचा आकडा बदलत असतात. "मघाशी दहा होतं, आता पंधरा का केलं? तब्येत बिघडली का?" असं घाबरून जाऊ नका.

पुढच्या रुग्णांत आम्ही ते टाळतो: वरचं बीपी ९० च्या खाली असेल, उजव्या कप्प्याचा अटॅक असेल, हृदयातून बाहेर पडणारी झडप फार अरुंद असेल, किंवा रुग्णाने लैंगिक ताकदीसाठीची गोळी घेतली असेल. सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास नायट्रेट देत नाहीत. दोन्ही एकत्र आली तर बीपी जीवघेणं कोसळू शकतं.

नायट्रोप्रुसाइड अटॅकच्या नेहमीच्या रुग्णाला आम्ही लावत नाही. पण अटॅकमुळे हृदयातली झडप अचानक निकामी झाली आणि रक्त उलटं वाहू लागलं, तर ऑपरेशन होईपर्यंत तग धरायला ते फार मोलाचं ठरतं, अर्थात बीपी पुरेसं असेल तरच. म्हणजे ते वाईट औषध नव्हे. त्याचं काम वेगळं आहे.

माझं मत

माझं मत सरळ आहे. दोन्हींतून एकच निवडायचं झालं, तर अटॅकच्या पहिल्या तासांत मी नायट्रोग्लिसरीनच निवडेन. पण "कोणती सलाईन चांगली?" हा प्रश्न त्या वेळी विचारायचा प्रश्नच नाही. विचारायचा प्रश्न असा: "बंद झालेली वाहिनी किती वेळात उघडणार?"

सलाईनने दुखणं कमी होतं, बीपी उतरतं, रुग्ण शांत होतो. नातेवाइकांना हायसं वाटतं. पण आत गुठळी तशीच असते आणि स्नायू मिनिटागणिक मरत असतो. सलाईनने मिळालेल्या या आरामाचीच मला भीती वाटते, कारण त्याच्या भरवशावर "सकाळी बघू" असं ठरतं. सकाळपर्यंत वाट पाहण्यासारखी गोष्ट अटॅकमध्ये नसते.

यात आम्हा डॉक्टरांचाही दोष आहे. घाईघाईत आम्ही "ही सलाईन लावली आहे, बरं वाटेल" एवढंच सांगतो. ती कशासाठी आहे आणि ती काय करू शकत नाही, हे सांगत नाही. मग नातेवाइकांनी बाटलीच्या कागदावरून उपचारांचा दर्जा ठरवला, तर नवल काय?

घरी काय कराल?

गोळीची गोष्टही सांगायलाच हवी, कारण जिभेखालची सॉर्बिट्रेट आपल्याकडे घराघरात, पाकिटात आणि शेजाऱ्याच्या कपाटात असते. ती याच कुटुंबातली आहे. एका गृहस्थांना शेजाऱ्यांनी प्रेमापोटी पाठोपाठ तीन गोळ्या दिल्या. त्यांनी आदल्या रात्री सिल्डेनाफिल घेतलं होतं, पण चारचौघांत सांगायची लाज वाटली. आमच्याकडे आणलं तेव्हा बीपी लागत नव्हतं. सुदैवाने ते वाचले.

म्हणून:

१. छातीत दाबल्यासारखं दुखत असेल, दुखणं हात, जबडा किंवा पाठीकडे जात असेल, घाम फुटला असेल, तर घरगुती उपायांत आणि गॅस झाला असेल या विचारात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

२. ज्या रुग्णालयात ईसीजी लगेच निघेल आणि अँजिओप्लास्टी किंवा निदान गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळेल, तिथे जा. असं रुग्णालय जवळ कुठे आहे, हे आजच विचारून ठेवा. अँजिओप्लास्टी साधारण दोन तासांच्या आत शक्य नसेल, तर आधी इंजेक्शन घेऊन मग पुढे जाणं बहुतेकांसाठी योग्य असतं.

३. अ‍ॅलर्जी, पोटातला रक्तस्राव असं काही नसेल, तर सुमारे ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चघळून खायला देतात. फोनवर डॉक्टरांना विचारून द्या.

४. सॉर्बिट्रेट फक्त ज्याला ती डॉक्टरांनी आधी लिहून दिली आहे, त्यानेच घ्यावी. बसून घ्यावी, उभ्याने नको. चक्कर येत असेल किंवा बीपी कमी असेल, तर नको. दुसऱ्याच्या डबीतली तर नकोच.

५. गोळीने दुखणं थांबलं, तरी रुग्णालयात जायचंच. दुखणं थांबलं म्हणजे अटॅक नव्हता, असं होत नाही.

६. लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल, तर डॉक्टरांच्या कानात सांगा. आम्ही कुणाला सांगत नाही आणि आम्हाला त्यात काही नवलही वाटत नाही.

७. रुग्णालयात हे तीन प्रश्न विचारा: "वाहिनी बंद आहे का? ती उघडायला काय करणार? किती वेळात?" याची उत्तरं मिळाली की सहीला वेळ लावू नका. बाकीच्या शंका नंतर विचारा, आम्ही सगळी उत्तरं देऊ.

आबा आता दर तीन महिन्यांनी तपासायला येतात. पूर्वी ते शेतावर पायी जायचे, आता बांधापर्यंत गेले तरी दम लागतो. मागच्या वेळी सोबत जावई आले होते. निघताना थांबले आणि म्हणाले, "डॉक्टर, त्या रात्री मी मध्ये बोललो नसतो तर..." मी त्यांना एवढंच म्हणालो, की तुम्हाला आधी कुणी हे समजावून सांगितलेलंच नव्हतं.

तुम्हाला आता सांगितलं आहे. घरातल्या दोघाचौघांनाही सांगून ठेवा.